आडवी रेघ

नावनोंदणीच्या खिडकीशी दोना फेलिझ्मिनाने विचारलं,
शेवटची शाळा कुठली, सोडली कधी.
मी म्हणालो, बंदरामागची. तेरा वर्षांचा होतो.
‘त्यानंतर?’ असा एक रकाना होता फॉर्मवर,
दोन बोटं रुंद.
मी उगाच हाताची घडी घातली.
जून होता, आणि माझ्या बाह्या मनगटापर्यंत.
तिने वर पाहिलं नाही.
पट्टीही न घेता त्या रकान्यात
एक आडवी रेघ ओढली
आणि म्हणाली, वर्ग सोमवारपासून, संध्याकाळी सात,
वही स्वतःची आणायची.

एकवीस वर्षं
एका रेघेत.

मला वाटलं होतं जागा पुरणार नाही.
पुलाखालचा तो कोनाडा, चांदीचा कागद, त्याखाली काडी,
आईच्या मासळीच्या गल्ल्यातल्या
खवले चिकटलेल्या नोटा,
आणि झेफिरीनो, माझा भाऊ,
जो बाकावर बसला तो बसूनच राहिला,
ज्याला उठवायला गेलो तेव्हा मी
आधी त्याचे खिसे चाचपले.
हे वर्गात कुणाला सांगितलेलं नाही.

गल्लीत म्हणायचे, अदेरितो सुधारायचा नाही,
काळ्या दगडावरची रेघ.
पोर्तोत तर सगळा दगडच काळा.
पण मी त्या दगडाला रोज सकाळी नऊला पाठ टेकून उभा असायचो,
मेथाडोनची पांढरी गाडी येईपर्यंत,
आणि वेळ घालवायला जवळून बघायचो.
त्याच्या भेगांत काय काय उगवतं!

भूमितीला तेओतोनियो सर.
म्हणाले, रेषेला लांबी असते, रुंदी नसते.
सगळ्यांनी लिहून घेतलं.
माझ्या शेजारची क्लोतिल्द, साठीची, हॉटेलच्या पायऱ्या पुसणारी,
तिनेही जीभ बाहेर काढून लिहिलं.
मी हात वर केला, आयुष्यात पहिल्यांदा:
पेन्सिलीची असते, सर.
ते थांबले. माझ्या वहीकडे बघत राहिले.
हो, म्हणाले, पेन्सिलीची असते.
म्हणून टोक काढत राहायचं.

मग कर्कटकं वाटली.
माझ्यापाशी येताना त्यांचा हात अडखळला नाही.
अडखळलो मी.
सुईचं टोक कुठल्याही माणसापेक्षा मला जास्त ओळखीचं.
ते कागदात शिरलं, आणि काहीच झालं नाही.
ना ऊब, ना अंधार.
एवढंसं भोक पडलं, आणि त्याच्याभोवती
दुसरा पाय चालत निघाला.
वर्तुळ जुळलं नाही माझं.
जिथून निघालो तिथे पोचताना
तांदळाएवढी फट राहिली.
क्लोतिल्द म्हणाली, सरकला असेल कागद,
आणि अर्धा पाव माझ्यापुढे ठेवला.

दिवसा मासळीबाजारात खोकी धुतो.
माझ्या वहीला सार्डिनचा वास येतो,
कुणी तक्रार केली नाही अजून.
रात्री कधी कधी जुनी भूक येऊन बसते पलंगाच्या कडेला.
मी दिवा लावतो.
तिला अपूर्णांकांची बेरीज करून दाखवतो,
मोठ्याने, छेद समान करून.
कंटाळून जाते. रोज नाही जात.

वीसपैकी अकरा.
दाखला घ्यायला त्याच खिडकीशी गेलो.
बसमध्ये वाक्यं जुळवली होती,
तिच्या त्या रेघेबद्दल सगळं सांगायचं,
नव्या शर्टाच्या बाह्या दुमडून गेलो होतो मुद्दाम.
नाव? तिने विचारलं.
सांगितलं.
पूर्ण नाव?
सांगितलं.
तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही.
मग माझ्या ध्यानात आलं, तिच्या मागच्या कपाटात
छतापर्यंत फायली आहेत
आणि कितींच्या तरी रकान्यांतून
तिने तशीच रेघ ओढली असेल,
सवयीने, न थांबता, जेवणाच्या सुट्टीआधी.
मला इतकं हलकं वाटलं
की जुळवलेलं सगळं विसरलो.
मागे नखं कुरतडणारी एक मुलगी उभी होती, फॉर्म हातात.

एवढंच म्हणालो: बाई, शिक्का जरा पुसट आलाय.
तिने चष्मा सावरला,
शाईच्या गादीवर शिक्का दोनदा दाबला
आणि पुन्हा मारला.
आता नीट वाचता येतो.
पहिलाही दिसतो त्याच्याखाली,
किंचित तिरका.